‘रोज सोडून जावेसे वाटायचे!’
अमेरिकन नौदलाचे निवृत्त अभियंते वेस्ली ब्राऊन यांची आठवण

३ एप्रिल १९२७. आपल्या चळवळीच्या वाचकाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन अवघे चौदा दिवस झाले होते आणि त्या दिवशी मुंबईहून बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला.

नेमक्या त्याच दिवशी सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, एका कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबात एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव वेस्ली अँथनी ब्राऊन. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, केवळ तारीख जुळली एवढेच. परंतु पुढे या मुलाने जे सोसले आणि जे करून दाखविले ते वाचताना आपल्या घरातल्याच कुणाची तरी हकिगत वाचतो आहोत असे वाटत राहते. म्हणून या पानावर त्याची ओळख.

अमेरिकन नौदलाचे अधिकारी घडविणारी अकादमी १८४५ साली स्थापन झाली. त्या अकादमीतून पदवी घेऊन बाहेर पडणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणजे वेस्ली ब्राऊन. साल होते १९४९. म्हणजे संस्था उभी राहिल्यानंतर एकशे चार वर्षांनी! पुढे वीस वर्षे त्यांनी नौदलात अभियंता म्हणून काम केले आणि २२ मे २०१२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्याआधी कुणी प्रयत्नच केला नव्हता का? केला होता. आणि तीच या कहाणीची खरी सुरुवात आहे.

पाच जण गेले, एकही टिकू दिला नाही

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने गेली. कृष्णवर्णीय माणसे मतदान करू लागली, कायदेमंडळात निवडून जाऊ लागली. साउथ कॅरोलायना राज्यातील असेच एक कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी रॉबर्ट एलियट यांनी १८७२ साली जेम्स कॉनयर्स नावाच्या तरुणाचे नाव नौदल अकादमीसाठी सुचविले. कॉनयर्स दाखल झाला. सोबतच्या गोऱ्या मुलांनी त्याला वाळीत टाकले, मारहाण केली. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने अकादमी सोडली. त्याच्या पाठोपाठ १८७३ साली अलोन्झो मॅक्लेनन आणि १८७४ साली हेन्री बेकर आले. तेही टिकू शकले नाहीत.

त्यानंतर साठ वर्षे त्या दारातून एकही कृष्णवर्णीय मुलगा आत गेला नाही. १९३६ साली जेम्स जॉन्सन आणि १९३७ साली जॉर्ज ट्रिव्हर्स गेले. जॉन्सनला वर्ष पुरे होण्याआधीच बाहेर पडावे लागले. ट्रिव्हर्स काही आठवड्यांतच परतला.

पाच मुले. एकालाही धड एक-सव्वा वर्षापलीकडे राहू दिले नाही. मग “ही पोरे त्या लायकीचीच नव्हती,” असे म्हणायला लोक मोकळे! पण खरेच तसे होते का? यांतला मॅक्लेनन पुढे डॉक्टर झाला आणि चार्ल्स्टन शहरात त्याने आपल्या लोकांसाठी रुग्णालय उभे केले. बेकर सरकारच्या पेटंट कचेरीत परीक्षक झाला आणि कृष्णवर्णीय संशोधकांनी लावलेल्या शोधांची यादी त्याने चिकाटीने जमवली. ती यादी नसती तर त्यांतल्या कितीतरी कारागिरांचे नावही आज कुणाला ठाऊक नसते. ट्रिव्हर्स शिक्षक झाला. म्हणजे कमतरता बुद्धीत नव्हती. एकट्या मुलाला घेरून पळवून लावायचे आणि मग तो पळाला म्हणून हसायचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकन नौदलात कृष्णवर्णीयांची जागा ठरलेली होती. अधिकाऱ्यांचे जेवण रांधायचे, ताटे वाढायची, बूट-कपडे सांभाळायचे. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले तेव्हा ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवरच्या भटारखान्यातला डोरी मिलर वर धावत आला. त्याने जखमी सैनिकांना हलविले आणि जी तोफ चालविण्याचे शिक्षण त्याला कधी दिलेच नव्हते ती विमानविरोधी बंदूक हाती घेऊन तो लढला. त्याला ‘नेव्ही क्रॉस’ हे शौर्यपदक मिळाले. १९४२ च्या जूनपासून स्वयंपाकघराबाहेरची कामे कृष्णवर्णीयांना खुली झाली आणि १९४४ च्या मार्चमध्ये पहिले तेरा कृष्णवर्णीय अधिकारी नेमले गेले. पण अकादमीचा दरवाजा अजून बंदच होता.

लाँड्रीतली आई आणि डनबरची शाळा

वेस्ली वाढला वॉशिंग्टन शहरात. आई लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करी. वडील ट्रक चालवून भाजी-फळे पोहोचवीत. आजीच्या घरात सगळे एकत्र राहात. अमेरिकेची राजधानी असूनही त्या शहरात काळ्यांच्या शाळा वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या होत्या.

पण काळ्यांच्या वाट्याला आलेली एक शाळा अशी होती की तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. डनबर हायस्कूल! १८७० साली सुरू झालेली ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची पहिली सार्वजनिक माध्यमिक शाळा. तिथल्या शिक्षकांमध्ये मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेली, काही तर डॉक्टरेट मिळविलेली माणसे होती. गोऱ्यांची विद्यापीठे त्यांना प्राध्यापक म्हणून घेत नसत, म्हणून ती शाळेत शिकवीत होती. समाजावरच्या अन्यायातून त्या मुलांना असे शिक्षक लाभले. रक्तातील द्रव साठवून ठेवण्याच्या पद्धतीत मोलाचे काम करणारे डॉ. चार्ल्स ड्रू याच शाळेचे. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेले पहिले कृष्णवर्णीय रॉबर्ट वीव्हर हेही याच शाळेचे.

वेस्ली दिवसा या शाळेत शिके आणि शाळा सुटल्यावर नौदल खात्याच्या कचेरीत टपालाचे काम करी. ज्या नौदलात त्याच्या रंगाच्या माणसाला अधिकारी होणे दुरापास्त होते, त्याच नौदलाची पत्रे तो या टेबलावरून त्या टेबलावर पोहोचवीत होता. १९४४ साली शाळा संपली. युद्ध चालू होते. सैन्याच्या एका शिक्षणयोजनेतून तो हॉवर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकू लागला.

नौदल अकादमीत जायचे तर लोकप्रतिनिधीने नाव सुचवावे लागते, असा तिथला नियम आहे. वॉशिंग्टनवासीयांचा तर त्या वेळी संसदेत एकही प्रतिनिधी नव्हता. मग नाव कोण सुचविणार? पुढे आले ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतून निवडून गेलेले ॲडम क्लेटन पॉवेल. अकादमीच्या भिंतीला भगदाड पाडायचे असा त्यांचा निर्धार होता आणि त्यासाठी ते लायक मुलगा शोधत होते. वेस्लीला खरे तर लष्कराच्या वेस्ट पॉइंट अकादमीची ओढ होती. पण पॉवेल यांनी नौदलासाठी विचारले आणि त्याने होकार दिला. ३० जून १९४५ रोजी, अठरा वर्षांचा हा मुलगा ॲनापोलिस गावी अकादमीत दाखल झाला.

चार वर्षे, एका खोलीत एकटा

पहिल्या वर्षाच्या छात्राला त्या अकादमीत सगळ्यांनाच त्रास असतो. वरच्या वर्गातले ओरडतात, पाठ ताठ ठेवून जेवायला लावतात, वाटेल ते पाठ करून म्हणायला सांगतात. तो त्रास गोऱ्या मुलांनाही होता आणि वेस्लीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण त्याच्या वाट्याला जे आले ते त्याहून निराळे होते. काहींनी ठरवूनच टाकले होते की याला इथून घालवायचा.

त्यांचे हत्यार म्हणजे शिस्तभंगाचे वजा गुण. बुटाला चमक नाही, खोली नीट नाही, उभे राहण्याची पद्धत बरोबर नाही, काहीही कारण काढून वजा गुण लिहायचे. ठरावीक मर्यादा ओलांडली की मुलगा आपोआप बाहेर! चूक नसतानाही वेस्लीच्या नावावर हे गुण चढत गेले. जेवणाच्या टेबलावर, प्रार्थनेच्या बाकावर त्याच्या शेजारी बसायला काही जण तयार नसत. कानाशी येऊन शिव्या पुटपुटणारेही होते. चारही वर्षे तो खोलीत एकटाच राहिला. सोबत राहणाऱ्या मुलालाही आपल्यापायी त्रास होईल, हे त्यामागचे एक कारण होते.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला संध्याकाळी परतल्यावर बोलायला समोर माणूस नाही, हे किती जड असते ते वसतिगृहात राहिलेल्या मुलाला विचारावे!

पण सगळे सारखे नव्हते. काही मुले दार ठोठावून आत येत, गप्पा मारीत, धीर देत. वेस्ली क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावण्याच्या संघात होता. त्याच संघात जॉर्जिया राज्यातल्या भुईमुगाच्या शेतावरून आलेला, वरच्या वर्गातला एक गोरा मुलगा धावत असे. जॉर्जिया म्हणजे वर्णभेद मुरलेला दक्षिणेचा मुलूख. पण हा मुलगा वेस्लीशी माणसासारखा वागला, टिकून राहा असे सांगत राहिला. त्याचे नाव जिमी कार्टर! तोच पुढे १९७७ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

वेस्लीचे अकादमीतले पहिले वर्ष संपले तो १९४६ चा उन्हाळा होता. त्याच जुलै महिन्यात बाबासाहेबांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले होते. तिथल्या निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जे गाऱ्हाणे मांडले होते त्याच्या प्रती बाबासाहेबांनी मागविल्या होत्या, आणि दुबॉइस यांनी आदराने उत्तर दिले होते. दोन देशांतल्या दोन समाजांचे दुःख जाणत्या माणसांना एकमेकांसारखे दिसत होते. त्या दुःखाचा एक तुकडा ॲनापोलिसच्या एका खोलीत एकटा अभ्यास करीत बसला होता, हे मात्र बाहेर फार थोड्यांना ठाऊक होते.

वेस्ली शिकत असतानाच बाहेरचे जग हलू लागले. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांत वंश, रंग, धर्म यांवरून भेद न करता सर्वांना समान वागणूक व समान संधी देण्याचा आदेश काढला. आणि ३ जून १९४९ रोजी ७९० जणांच्या वर्गात ३७० वा क्रमांक मिळवून वेस्ली ब्राऊन पदवीधर झाले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून पहिला कृष्णवर्णीय, हेन्री फ्लिपर, १८७७ साली बाहेर पडला होता. नौदलाला त्यानंतर बहात्तर वर्षे लागली.

तेव्हा काय सांगितले, नंतर काय सांगितले

पदवी मिळाल्यावर त्याच महिन्यात ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या गाजलेल्या नियतकालिकात ब्राऊन यांचा लेख आला. अकादमीच्या पहिल्या निग्रो पदवीधराची हकिगत, असा त्याचा विषय होता. त्यात त्यांनी आपल्या त्रासाचा पाढा वाचला नाही. बावीस वर्षांचा नवा अधिकारी, पुढची सगळी नोकरी त्याच नौदलात काढायची, आणि मागून येणाऱ्या मुलांनी घाबरून जाऊ नये ही इच्छा. असा मुलगा दुसरे काय लिहिणार?

पण पुढे, उतारवयात, एका मुलाखतीत त्यांना तो नेहमीचा प्रश्न विचारला गेला. कधी सोडून जावेसे वाटले का? त्यांनी सरळ सांगितले, रोज वाटायचे!

वाचकहो, या एका शब्दापाशी थोडे थांबू या. आपण आपल्या थोरांच्या कथा मुलांना सांगतो तेव्हा काय सांगतो? तो डगमगला नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही, तो वज्रासारखा उभा राहिला. ऐकणारा मुलगा मनात म्हणतो, मला तर रोज रडू येते, म्हणजे मी त्या लायकीचा नाही. ब्राऊन यांचा तो एक शब्द या मुलाला केवढा आधार देतो! सोडून जावेसे वाटणे म्हणजे हरणे नव्हे. ज्याला इतिहासात ‘पहिला’ म्हणून नोंदले गेले, त्याला ते चार वर्षे रोज वाटत होते. त्याच्याआधीच्या पाच जणांनाही वाटले असणार. फरक त्यांच्या धैर्यात नसावा. त्याच्या पाठीशी एक जागा झालेला समाज होता, संसदेत त्याचे नाव घेणारा एक माणूस होता, आणि धावताना शेजारून जाणारा एक मित्र होता. त्या पाच जणांपाशी यांतले बरेचसे नव्हते.

वीस वर्षांचे बांधकाम

‘पहिला’ म्हटले की माणसाचे बाकीचे आयुष्य झाकले जाते. ब्राऊन यांचे तसेच झाले. वृत्तपत्रांना त्यांची पदवी आठवते. पण त्यानंतर वीस वर्षे हा माणूस काय करीत होता?

तो बांधत होता. नौदलात स्थापत्य अभियंत्यांचे स्वतंत्र दल असते, त्यात ब्राऊन दाखल झाले. न्यूयॉर्क राज्यातील रेन्सेलेर पॉलिटेक्निक या नामवंत संस्थेतून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळविली. कोरिया आणि व्हिएतनाम या दोन्ही युद्धांच्या काळात ते सेवेत होते. त्यांच्या कामाची यादी अशी: हवाई बेटांवर घरे, फिलिपाइन्समध्ये किनाऱ्यावरची धक्क्याची बांधकामे, लायबेरियात रस्ते, अंटार्क्टिकावर अणुवीज केंद्र, क्युबात समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणारा प्रकल्प.

यांतले एकेक काम समजून घेण्यासारखे आहे. लायबेरिया हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा देश. अमेरिकेतून परत गेलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी तो वसविला आणि १८४७ साली तो स्वतंत्र झाला. त्या देशात रस्ते बांधायला अमेरिकन नौदलाचा गणवेश घातलेला एक कृष्णवर्णीय अभियंता गेला!

अंटार्क्टिका म्हणजे बर्फाचे खंड. तिथल्या मॅकमर्डो तळावर शास्त्रज्ञ काम करतात. वीज आणि उष्णता यांसाठी लागणारे तेल हजारो मैलांवरून जहाजाने न्यावे लागे. म्हणून १९६२ साली तिथे छोटे अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीत ब्राऊन यांचा वाटा होता. ते केंद्र मात्र फार काळ चालले नाही. वारंवार बिघाड होऊ लागल्याने १९७२ साली ते बंद केले, आणि यंत्रे व आजूबाजूची मातीसुद्धा उचलून अमेरिकेला परत न्यावी लागली. अभियंत्याची सगळीच कामे टिकतात असे नाही.

आणि क्युबातले पाणी. ग्वांतानामो येथे अमेरिकेचा नाविक तळ आहे. तळाला पाणी यायचे ते क्युबाच्या नदीवरून. १९६४ च्या फेब्रुवारीत दोन देशांत तंटा वाढला आणि फिडेल कॅस्ट्रो यांनी ते पाणी तोडले. हजारो माणसे एका रात्रीत पाण्यावाचून! आधी जहाजाने पाणी आणले. मग कॅलिफोर्नियातला एक खारे पाणी गोडे करणारा कारखाना सुटा करून जहाजावर चढविला आणि तिथे नेऊन उभा केला. समुद्राचे पाणी तापवून त्याची वाफ करायची, ती वाफ थंड करून पाणी धरायचे, मीठ मागे राहते. तत्त्व आपल्या चुलीवरच्या झाकणाला जमणाऱ्या थेंबांचेच, पण माप प्रचंड. पाणी कुणाच्या हाती आहे यावर माणसाचे जगणे कसे अवलंबून असते, हे महाडच्या वारसदारांना कुणी शिकवायला नको.

वीस वर्षांची नोकरी करून ब्राऊन १९६९ साली लेफ्टनंट कमांडर या हुद्द्यावर निवृत्त झाले. ते ॲडमिरल झाले नाहीत. अमेरिकन नौदलाला पहिला कृष्णवर्णीय ॲडमिरल, सॅम्युएल ग्रेव्हली, मिळाला तो त्यानंतर दोन वर्षांनी, १९७१ साली.

निवृत्ती कसली!

नोकरी संपली तरी काम संपले नाही. पुढे १९८८ पर्यंत ते हॉवर्ड विद्यापीठात इमारती व सोयींच्या नियोजनाचे काम पाहात होते. हेच ते विद्यापीठ, जिथे सतरा वर्षांचे असताना ते अभियांत्रिकी शिकायला गेले होते.

आणखी एक काम त्यांनी केले, ज्याला पगार नव्हता. वॉशिंग्टन शहरातून सैनिकी अकादमींसाठी ज्या मुलामुलींची नावे सुचवायची त्यांची निवड करणारी एक समिती असते. शहराच्या प्रतिनिधी एलिनॉर होम्स नॉर्टन यांच्या त्या समितीवर ब्राऊन यांनी काम केले. आपले नाव सुचवायला एके काळी दुसऱ्या शहराचा प्रतिनिधी शोधावा लागला होता, तोच माणूस आता मुलांचे अर्ज वाचत बसे. आपण आत गेलो की दार लावून घेणारे पुष्कळ असतात. ब्राऊन दाराशी उभे राहिले.

त्यांच्या मागून आलेल्यांकडे पाहा. अकादमीचा दुसरा कृष्णवर्णीय पदवीधर लॉरेन्स चेंबर्स, साल १९५२. तोही वॉशिंग्टनचाच, आणि शाळा कोणती? तीच डनबर! हाच चेंबर्स पुढे ‘मिडवे’ या विमानवाहू नौकेचा कप्तान झाला. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडत असताना एक व्हिएतनामी वैमानिक बायको आणि पाच मुलांना छोट्या विमानात कोंबून समुद्रावर घिरट्या घालू लागला. उतरायला जागा नाही. चेंबर्स यांनी लाखो डॉलरची हेलिकॉप्टरे समुद्रात ढकलून देण्याचा हुकूम दिला आणि डेक मोकळा केला. विमान सुखरूप उतरले, सात जीव वाचले. १९८० साली जॅनी माइन्स ही अकादमीची पहिली कृष्णवर्णीय महिला पदवीधर झाली. २०२१ साली सिडनी बार्बर या यांत्रिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीकडे सर्व छात्रांचे नेतृत्व आले. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय मुलगी.

ज्या अंगणात कुणी शेजारी बसत नव्हते

२००८ च्या मे महिन्यात अकादमीच्या आवारात एक भव्य क्रीडागृह उघडले. सुमारे १ लाख ४० हजार चौरस फुटांचे, आत धावण्यासाठी २०० मीटरचा मार्ग. त्याला नाव दिले ‘वेस्ली ब्राऊन फील्ड हाउस’. त्या वेळी ब्राऊन ८१ वर्षांचे होते आणि आपल्या नावाची इमारत पाहायला हजर होते. सर्व बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याचे नाव इमारतीला, आणि लांब धावणाऱ्या मुलाचे नाव धावण्याच्या जागेला. जिथे त्यांच्या बुटांची चमक पुरेशी नाही असे सांगितले जात होते, त्याच आवारात!

२०२३ साली याच आवारातील आणखी एका इमारतीचे नाव बदलले. ती अभियांत्रिकी शिकविण्याची इमारत. तिला ज्या अधिकाऱ्याचे नाव होते त्याने यादवी युद्धात गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेची बाजू घेतली होती. ते नाव काढून तिथे जिमी कार्टर यांचे नाव दिले. एके काळी एकत्र धावणारी ती दोन मुले आता इमारतींच्या रूपाने पुन्हा शेजारी आली. कार्टरही २०२४ च्या डिसेंबरात गेले.

आपल्या घरात

हे सारे वाचून आपण काय करायचे? अभिमान वाटून घेणे सोपे आहे. पण आपल्यातल्या किती घरांतून आज एखादा मुलगा, एखादी मुलगी घरातली पहिलीच म्हणून अभियांत्रिकीच्या, वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात गेली आहे. आई-वडील फोनवर विचारतात, “जेवलास का? अभ्यास कसा चाललाय?” मुलगा म्हणतो, “बरं आहे.” तो १९४९ सालच्या वेस्लीसारखे उत्तर देत असेल. कारण घरच्यांनी कर्ज काढले आहे, वस्तीत पेढे वाटले आहेत, त्यांना काय सांगायचे?

तेव्हा एक प्रश्न आणखी विचारावा. “शेजारी कोण बसतं रे तुझ्या? संध्याकाळी कुणाशी बोलतोस?” आणि त्याने कधी म्हटलेच की “मला परत यावंसं वाटतं,” तर त्याला घाबरट म्हणू नये, चार शब्द सुनावू नयेत. ऐकून घ्यावे. वेस्ली ब्राऊन यांनाही रोज वाटायचे, हे त्याला सांगावे. कुणी छळत असेल तर गप्प बसून सोसणे हा काही मोठेपणा नव्हे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे, २००९ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम देशभर लागू आहेत, त्यांचा आधार घ्यावा. वस्तीतले शिकलेले दादा-ताई, विहारातले कार्यकर्ते यांनी अशा मुलाला महिन्यातून एकदा तरी भेटून यावे. आणि जी मुले आज वरच्या वर्गात आहेत त्यांनी नव्याने आलेल्या एकट्या मुलाचे दार ठोठवावे. कार्टरने याहून वेगळे काय केले होते?

पहिल्या पाच जणांची नावे आज आपण मुद्दाम लिहिली. कॉनयर्स, मॅक्लेनन, बेकर, जॉन्सन, ट्रिव्हर्स. ते परत आले म्हणून ते हरले असे नाही. त्यांनी ते दार ठोठावले नसते तर सहावा कुठून आला असता? एखादे मूल परत आलेच, तर त्याच्यासाठी घराचे दार उघडे असू द्या. त्यातूनही मॅक्लेननसारखा डॉक्टर घडतो, बेकरसारखा इतिहास जपणारा घडतो.

येत्या ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ची आठवण काढाल, तेव्हा मुलांना जवळ बसवून लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या त्या बाईच्या मुलाची गोष्टही सांगा. सांगताना तो शब्द मात्र विसरू नका, की त्यालाही रोज सोडून जावेसे वाटायचे, आणि रोज सकाळी तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहायचा.